मालगाड्या, रो-रो आणि पर्यटन गाड्यांचे फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्जत ते लोणावळा, कसारा ते इगतपुरी, रोह्यापासून खाली सावंतवाडी-मडगावपर्यंत आणि नेरळ-माथेरान या मार्गांवर गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांना हमखास पडणारे हे प्रश्न. प्रवासी गाडीचा फोटो वेळापत्रक बघून मिळतो. मालगाडीचा मात्र मार्ग कसा चालतो हे कळल्याशिवाय मिळत नाही. म्हणून इथे कॅमेऱ्याइतकंच सिग्नल, क्रॉसिंग आणि उन्हाबद्दलही लिहिलं आहे.

मालगाडी किती वाजता येणार, हे कुठे कळतं?

कुठेच नाही. मालगाड्यांचं वेळापत्रक प्रवाशांसाठी छापलं जात नाही आणि एनटीईएस (गाडी कुठे आहे ते सांगणारी रेल्वेची सेवा) किंवा गाडी शोधायच्या ॲपवरही त्या दिसत नाहीत. पण एकेरी मार्गावर मालगाडी कधी सुटेल याचा अंदाज प्रवासी गाड्यांवरूनच बांधता येतो. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या खाली मात्र समोरासमोरच्या गाड्यांना स्टेशनातच एकमेकींना ओलांडावं लागतं, आणि थांबायची पाळी बहुतेक वेळा मालगाडीवर येते.

समजा, संगमेश्वरच्या लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, रत्नागिरीकडे तोंड करून मालगाडी उभी आहे आणि समोरून मुंबईकडे जाणारी मांडवी एक्स्प्रेस येतेय. मांडवी स्टेशन ओलांडून गेली की पुढचा पट्टा मोकळा होतो, सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) फिरतात आणि मालगाडीला स्टार्टर, म्हणजे स्टेशनातून निघायचा सिग्नल, मिळतो. भरलेली गाडी जागची हलून वेग घ्यायला वेळ लावते. स्टेशनापासून चार-पाच किलोमीटर पुढे उभे असाल, तर मांडवी गेल्यापासून दहा-पंधरा मिनिटं धरून चला. त्याआधी ॲपवर एक गोष्ट बघा: मागून त्याच दिशेने दुसरी एक्स्प्रेस येतेय का? येत असेल तर आधी तिला पुढे काढतील आणि मालगाडी तिथेच बसून राहील. अर्धा दिवस फुकट जातो तो बहुतेक यामुळेच.

मुंबईजवळ रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये मालगाड्या अडकतात आणि ब्लॉक संपला की एकामागून एक निघतात. गणपतीच्या दिवसांत कोकणात उलटा प्रकार होतो: जादा गाड्या इतक्या असतात की मालगाड्यांना वाटच कमी मिळते. ते दिवस गणपती स्पेशलसाठी ठेवा.

सिग्नलवरून गाडी येणार हे ओळखता येतं का?

येतं, पण कुठल्या पद्धतीचा मार्ग आहे हे माहीत हवं. कोकणात स्टेशन-ते-स्टेशन ब्लॉक आहे, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी. तिथे होम (स्टेशनात शिरतानाचा) आणि स्टार्टर हे थांब्याचे सिग्नल एरवी लाल असतात आणि गाडीसाठीच हिरवे-पिवळे केले जातात. लाल गेला, म्हणजे कोणीतरी येतंय.

होम सिग्नल नुसता हिरवा असेल तर गाडी न थांबता सरळ जाणार. पिवळा असेल आणि वर तिरप्या ओळीत पाच पांढरे दिवे लागले असतील, तर गाडी लूपमध्ये वळणार, म्हणजे हळू येणार आणि बहुधा थांबणार. हे पाच दिवे दिसले की घाई सोडा. इंजिन नीट बघायला, उन्हाची बाजू बदलायला आणि पुढची जागा गाठायला वेळ आहे.

मुंबईच्या उपनगरी पट्ट्यात स्वयंचलित सिग्नल आहेत. ते एरवी हिरवेच असतात आणि गाडी पुढे गेल्यावर तिच्या मागे लाल होतात. तिथला हिरवा सिग्नल तुम्हाला काहीच सांगत नाही. लाल दिसला तर गाडी नुकतीच हुकली असं समजा.

फाटक बंद होणं हीसुद्धा खूण आहे. फाटकवाल्याला मात्र दर पाच मिनिटांनी विचारत राहू नका. त्याचं लक्ष फोनवर आणि फाटकावर असायला हवं.

'अप' आणि 'डाउन' नेमकं काय?

मध्य रेल्वेवर मुंबईपासून दूर जाणारी गाडी डाउन, मुंबईकडे येणारी अप. म्हणून कर्जतहून घाट चढणारी गाडी डाउन आणि लोणावळ्याहून उतरणारी अप. चढ-उताराशी याचा संबंध नाही. कोकणातही गोव्याकडे जाणारी गाडी डाउनच.

उभं कुठे राहायचं? रुळाच्या कडेला उभं राहिलेलं चालतं का?

नाही. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी कारण साधं आहे. कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेत, दोन्ही बाजूंना कातळ असतो, सरकायला जागा नसते, आणि वळणामागून येणारी विजेवरची गाडी फार उशिरा ऐकू येते. घाटात तीन मार्ग आहेत. चढणाऱ्या मालगाडीच्या आवाजात उतरणारी गाडी अजिबात ऐकू येत नाही.

चालतील अशा जागा: सार्वजनिक रस्ता, रस्त्याचा उड्डाणपूल, फाटकाबाहेरचा रस्ता, तिकीट काढून प्लॅटफॉर्म, आणि मालकाला विचारून त्याचं शेत किंवा बागेचा बांध. कोकणात 'आत येऊ का?' एवढं विचारलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही. न विचारता आंबा-काजूच्या बागेत शिरलात तर ओरडा ठरलेला, आणि तो रास्तच आहे. भाताची खाचरं लावलेली असतील तेव्हा बांधावरूनच चाला.

पुलावर उभं राहताना वरच्या तारेचं भान ठेवा. तिच्यात २५,००० व्होल्ट असतात आणि हात न लावताही धक्का बसू शकतो. शरीर, छत्री, सेल्फी स्टिक, ट्रायपॉडचा पाय यांतलं काहीही तारेपासून दोन मीटरच्या आत जाता कामा नये. पुलाच्या जाळीतून मोनोपॉड बाहेर काढून वरून फोटो घेणारे दिसतात. हे अजिबात करू नका.

आणखी एक: लाल छत्री, लाल रेनकोट, लाल टॉवेल घरीच ठेवा. रेल्वेच्या नियमांत कोणीही कुठलीही वस्तू जोरजोरात हलवली की तो धोक्याचा इशारा धरतात. लोको पायलटला हात जरूर करा, तोही बहुतेक वेळा करतो. पण एक हात, शांतपणे. फ्लॅश कधीही नाही. रुळावर दरड, झाड, गुरं असं काही दिसलं तर फोटो नंतर, आधी जवळच्या स्टेशनला किंवा १३९ ला कळवा.

स्टेशनवर फोटो काढायला परवानगी लागते का?

व्यावसायिक चित्रीकरणाला आगाऊ परवानगी लागते. त्यासाठी मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे अर्ज करावा लागतो. कोकण रेल्वे हे वेगळं महामंडळ आहे, त्याचं मुख्यालय बेलापूरला. तिथल्या स्टेशनांसाठी अर्जही तिकडेच. हौशी माणसाने तिकीट काढून, हातातल्या कॅमेऱ्याने, कोणाच्या वाटेत न येता दोन-चार फोटो घेतले तर सहसा हरकत घेतली जात नाही. ट्रायपॉड उघडला, दिव्याचा स्टँड लावला, तासन्‌तास एकाच जागी बसलात की प्रश्न येणारच. आरपीएफने (रेल्वे सुरक्षा दलाने) किंवा स्टेशन मास्तरांनी थांबायला सांगितलं तर तिथेच थांबा. वाद घालून जिंकण्यासारखं काही नसतं. प्लॅटफॉर्म तिकीट दोन तासच चालतं. जास्त थांबायचं असेल तर पुढच्या स्टेशनचं तिकीट काढा आणि गाडीने पुढे जा.

पहिल्यांदा जायचं तर बोरघाट की कसारा घाट?

दोन्हीकडे चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे, आणि दोन्हीकडे चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून बँकर, म्हणजे ढकलणारी, इंजिनं लागतात: कर्जतला जोडतात ती लोणावळ्यापर्यंत, कसाऱ्याला जोडतात ती इगतपुरीपर्यंत. म्हणजे चढणाऱ्या बहुतेक गाड्यांची दोन्ही टोकं फोटोसारखी असतात. पुढचं इंजिन गेलं की कॅमेरा खाली ठेवणारे अर्धा फोटो घालवतात. डब्यांमागे जोर लावणारी इंजिनं हेच घाटाचं खरं रूप आहे. त्यांच्यासाठी जागा आधीच निवडून ठेवा, कारण मागून दिसणारा कोन वेगळा असतो आणि ऊनही वेगळ्या बाजूने पडतं.

उन्हाचा हिशेब असा. कर्जतहून लोणावळ्याकडे मार्ग साधारण आग्नेयेला जातो. सकाळी चढणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर ऊन येतं, दुपारनंतर उतरणाऱ्यांच्या. कसाऱ्याहून इगतपुरीकडे मार्ग ईशान्येला जातो, तिथेही हाच नियम. वळणांमुळे जागोजागी फरक पडतो, म्हणून नकाशावर त्या विशिष्ट वळणाची दिशा मोजा. ठाकूरवाडी, मंकी हिल, जांब्रुंग अशा ठिकाणी डोंगराची सावलीही धरावी लागते. हिवाळ्यात ऊन खाली पोचायला उशीर होतो.

आमचं मत विचाराल तर सुरुवात बोरघाटाने करा. प्रवासी गाड्याच इतक्या आहेत की तासाभरात चार-पाच वेळा हात साफ करून घेता येतो, आणि १ जून १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन याच घाटात मिळते. कसारा घाटात मालगाड्या जास्त समाधान देतात. तिथे महामार्ग जवळ आहे, पण वळणावर गाडी उभी करून फोटो काढू नका. घाटातल्या ट्रकला ब्रेक लागेलच असं नाही.

उतरणाऱ्या गाड्या ठरावीक ठिकाणी थांबून, वेग ताब्यात ठेवून येतात. सुटलेली गाडी अडवण्यासाठी घाटात चढावर जाणाऱ्या कॅच सायडिंग आहेत. दूरच्या फोटोत डोंगरावर चढून संपणारा एकटा रूळ दिसला तर तो हाच.

कोकण रेल्वेवर ऊन कुठल्या बाजूने घ्यायचं?

मार्ग ढोबळमानाने उत्तर-दक्षिण असल्याने इथे ऋतूला फार महत्त्व आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य उगवतोच आग्नेयेला आणि दिवसभर दक्षिणेला कलून राहतो. त्यामुळे गोव्याकडे जाणाऱ्या इंजिनाचं तोंड दिवसभर उजळलेलं मिळतं आणि मुंबईकडे येणाऱ्याचं तोंड कायम सावलीत. हिवाळ्यात मुंबईकडे येणाऱ्या गाडीची समोरून खटपट करू नका. तिची बाजू घ्या: सकाळी पूर्वेकडून, दुपारी पश्चिमेकडून.

मेमध्ये शून्य सावलीचा दिवस येऊन गेला की सूर्य भरदुपारीसुद्धा उत्तरेला असतो आणि उगवतो-मावळतोही ईशान्य-वायव्येकडे. तेव्हा पहाटे आणि संध्याकाळी उत्तरेकडे तोंड असलेल्या गाड्यांवर ऊन येतं. वर्षात ही संधी फार थोडे दिवस मिळते, कारण लगेच पाऊस सुरू होतो. मे महिन्याच्या दुपारी मात्र काहीच साधत नाही. ऊन डोक्यावर असतं, डब्यांच्या छताची सावली खिडक्यांवर पडते आणि चाकं काळ्या पट्ट्यात बुडतात. साडेनऊ ते चार घरी बसा.

सर्वांत देखणा काळ ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. हवा धुतलेली, भात पिवळं पडलेलं, कड्यांवर अजून हिरवळ.

रो-रो म्हणजे नेमकं काय, आणि ती कुठे चांगली दिसते?

सपाट वाघिणींवर (मालडब्यांवर) भरलेले ट्रक चढवून नेणारी गाडी. कोकण रेल्वेने ही सेवा १९९९ मध्ये सुरू केली. कोलाडला ट्रक चढतात. गोव्यात वेर्णा आणि कर्नाटकात सुरतकल ही उतरायची ठिकाणं. ट्रकचे ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या केबिनमध्येच बसलेले असतात.

वाघीण बुटकी आणि ट्रक उंच, म्हणून पुलावरून खाली बघून काढलेला फोटो फसतो: सगळी ताडपत्रीच ताडपत्री. भरावाच्या खाली, शेताच्या पातळीवर उभे राहा. मग ट्रकच्या बाजूची रंगरंगोटी, मागचं लिखाण, दोन ट्रकांमधून दिसणारं आभाळ हे सगळं येतं. ५० ते ८५ मिलिमीटरची लेन्स पुरते. ट्रक साखळ्यांनी बांधलेले असतात. जवळून काढायचं तर ते कोलाडला, तिकडच्या माणसांना विचारून. केबिनमध्ये झोपलेल्या ड्रायव्हरचा चेहरा लांब लेन्सने टिपू नका. तो त्याचा आरामाचा वेळ आहे.

अख्खी मालगाडी एका फ्रेममध्ये बसवता येते का?

लांबीचा हिशेब आधी करा. कोळशाची उघडी बॉक्स-एन वाघीण जोडणीसकट १०.७ मीटरची. ५८ वाघिणींच्या रेकचे (एकत्र जोडलेल्या वाघिणींच्या पूर्ण रांगेचे) नुसते ६२१ मीटर होतात. इंजिनं आणि ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा) धरून साडेसहाशेच्या पुढे. रत्नागिरीच्या पुढे पानवल नदीवरचा पूल ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच आहे. पूर्ण रेक त्यावर मावतच नाही. एक टोक कायम बाहेर. तिथे मालगाडीपेक्षा प्रवासी गाडी शोभते: एलएचबी (नव्या पद्धतीचा प्रवासी) डबा २४ मीटरचा, म्हणजे सोळा डबे आणि एक इंजिन मिळून चारशेच्या आसपास, अगदी पूल भरून. आठ डब्यांची मुंबई-मडगाव वंदे भारत (जून २०२३ पासून) पुलाचा निम्मा भागही व्यापत नाही, म्हणून तिला पुलाच्या मधोमध येऊ द्या आणि दोन्हीकडे खांब मोकळे ठेवा.

मालगाडी अख्खी दाखवायची तर मोठं वळण हवं आणि तुम्ही वळणाच्या आतल्या बाजूला, उंचावर हवे. बाहेरच्या बाजूने पहिले दहा-बारा डबे दिसतात आणि बाकीचे त्यांच्यामागे लपतात.

शटर स्पीड किती ठेवायचा?

हे आकडेमोडीने ठरवा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मालगाडी सेकंदाला १६.७ मीटर सरकते. १/५०० सेकंदात ३.३ सेंटिमीटर. ताशी ११० ची एक्स्प्रेस १/१००० सेकंदातही तीन सेंटिमीटर सरकते. सरळ बाजूने काढत असाल तर हे सगळं सरकणं फोटोत उतरतं आणि वाघिणीवरचे आकडे फिसकटतात. समोरून थोडं तिरकं उभं राहिलं की त्यातला थोडाच भाग आडवा दिसतो. म्हणून:

- घाट चढणारी मालगाडी, तिरक्या कोनातून: १/३२० ते १/५००
- सपाटीवर मालगाडी, तिरक्या कोनातून: १/६४० ते १/१०००
- एक्स्प्रेस, तिरक्या कोनातून: १/१२५० पासून पुढे
- काहीही, सरळ बाजूने: वरच्या आकड्याच्या दुप्पट वेग

ॲपर्चर एफ/५.६ ते एफ/८, आयएसओ लागेल तेवढा. पावसाळी संध्याकाळी आयएसओ ३२०० गेला तरी चालेल. दाणेदार फोटो बघवतो, हललेला बघवत नाही.

गाडी स्थिर आणि मागचं धावतं हवं असेल तर १/४० ते १/८० ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवा. याला मालगाडी सर्वांत चांगली, कारण चाळीस-पन्नास वाघिणी म्हणजे चाळीस-पन्नास प्रयत्न. इंजिनावर सराव करू नका. रिकाम्या वाघिणींवर हात बसवा आणि पुढच्या गाडीच्या इंजिनावर वापरा.

इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा. त्यात वेगाची गाडी एका बाजूला कललेली येते, डब्यांची टोकं तिरकी दिसतात. मेकॅनिकल शटर वापरा. वंदे भारतच्या पाटीवरचं नाव अर्धवट येत असेल तर ते एलईडीच्या लुकलुकण्यामुळे. स्टेशनात उभी असताना १/१६० ला काढा.

गाडी काळी येते आणि हेडलाइटभोवती पांढरा डाग पडतो. काय करू?

कॅमेरा हेडलाइटला भुलतो आणि सगळंच अंधारं करतो. गाडी येण्याआधी, त्याच जागेवरच्या खडीवर किंवा गवतावर मोजमाप घेऊन एक्स्पोजर मॅन्युअलवर पक्कं करा आणि मग हात लावू नका. पांढरी वंदे भारत असेल तर पाऊण स्टॉप कमी ठेवा, नाहीतर नाकाचा आकार उडून जातो. गडद हिरव्या वॅग-९ (मालगाडीचं विजेवरचं इंजिन) मागे काळपट बॉक्स-एन असतील तर थोडं जास्त द्या. रॉ फाइल ठेवलीत तर सावलीतली चाकं आणि बोगी नंतर वर काढता येतात.

खांब नेमका इंजिनाच्या डोक्यावर येतो.

विजेचे खांब सरळ मार्गावर जास्तीत जास्त ७२ मीटरवर असतात, वळणावर त्याहून जवळ. म्हणजे टाळता येत नाहीत, फक्त वेळ साधावी लागते. गाडी नसताना एक फोटो काढा आणि त्यात ठरवा: इंजिनाचं नाक कुठल्या खांबाच्या पुढे आलं की बटण दाबायचं. नाकाने खांब नुकताच ओलांडलेला असावा, म्हणजे खांब डब्यांवर जातो आणि तोंड मोकळं राहतं. फोकसही त्याच जागच्या स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या पट्टीवर) लावून ठेवा. सलग फोटो काढायची सोय असली तरी ७२ मीटरमध्ये एक जागाच बरोबर असते, आणि ती आधी ठरवलेलीच बरी.

पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) फ्रेममध्ये पूर्ण घ्या. बहुधा मागचाच उचललेला असतो. तो कापला तर इंजिन अपुरं वाटतं. वरची तार कापली तरी चालेल.

पर्यटन गाड्या कुठल्या आणि कधी मिळतात?

डेक्कन ओडिसी २००४ पासूनची, निळ्या रंगाची, मुंबईहून सुटणारी. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल हा तिचा हंगाम. फेऱ्यांच्या तारखा आधीच जाहीर होतात. ती मुख्यतः रात्री धावते आणि दिवसा प्रवासी फिरायला जातात, म्हणून तिचा फोटो उजाडताना, मुक्कामाच्या स्टेशनाच्या आधीच्या टप्प्यात शोधा.

भारत गौरव योजना नोव्हेंबर २०२१ ची. तिच्यातली पहिली गाडी जून २०२२ मध्ये कोइम्बतूरहून आपल्या साईनगर शिर्डीला आली. जून २०२५ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांशी निगडित ठिकाणांची फेरी मुंबईहून सुरू झाली. या गाड्यांच्या तारखा आयआरसीटीसीच्या पर्यटन पानावर असतात. वेळ पाळतील अशी अपेक्षा ठेवू नका. स्पेशल गाडीला नियमित गाड्यांमागे थांबावं लागतं.

आषाढीला पंढरपूरच्या विशेष गाड्या सुटतात. कुर्डुवाडी-मिरज मार्गावर एरवी इतकी गर्दी आणि इतके भगवे झेंडे दिसत नाहीत. फोटो गाडीचा घ्या, पण वारकऱ्यांना रुळावर उतरायला कारण देऊ नका. एक कॅमेरा दिसला की दहा जण दारात लोंबकळतात.

माथेरानच्या गाडीसाठी काय वेगळं?

सगळंच. १९०७ मध्ये सुरू झालेला हा मार्ग दोन फुटी गेजचा, सुमारे २१ किलोमीटरचा. चढ काही ठिकाणी वीसला एक. वेग इतका कमी की १/२५० भरपूर होतो, आणि गाडी गेली तरी पुढच्या वळणावर पुन्हा गाठता येते. मार्ग डोंगराच्या पूर्व अंगाने चढतो. सकाळी ऊन, दुपारनंतर सावली. म्हणून नेरळहून सुटणारी सकाळची फेरीच धरा. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप या स्टेशनांजवळ दरी आणि वळण दोन्ही एका फोटोत येतात. रुंद लेन्स हवी, २४ ते ३५.

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो. अमन लॉज ते माथेरान शटल चालू राहते. माथेरानमध्ये खासगी गाड्या नेता येत नाहीत, दस्तुरी नाक्यालाच सोडाव्या लागतात. अमन लॉज तिथून चालत जवळ आहे.

दूधसागरला रुळावरून चालत जाऊन फोटो काढता येतो का?

नाही, आणि हा प्रश्न दर जुलैत येतो. रुळावरून जायला बंदी आहे. २०२३ च्या जुलैत तर आरपीएफने पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्या होत्या. कॅसल रॉक ते कुळे हा घाटही ३७ ला १, एकेरी, बोगदेच बोगदे. मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे कोळसा नेणाऱ्या गाड्या मागून इंजिनांचा रेटा घेत इथूनच चढतात. प्रवासी गाडीच्या खिडकीतून धबधबा दिसतो, तोच फोटो घ्या. दारात लटकू नका.

पावसाळ्यात वेळा का जुळत नाहीत? आणि कॅमेरा कसा सांभाळायचा?

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. दरडींच्या भीतीने वेग कमी केलेला असतो, आणि जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी ४० नेच चालवायच्या सूचना असतात. वंदे भारत गेल्या काही पावसाळ्यांत आठवड्यातून तीनच दिवस धावली. जुन्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

कॅमेऱ्याचं खरं नुकसान पावसापेक्षा दमटपणाने होतं. एसी गाडीतून थेट बाहेर काढला की लेन्स आतून-बाहेरून धुरकट होते आणि पुसून जात नाही. पोचायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडा. बॅगेत सिलिका जेल ठेवा. रंग बदलला की भाजून पुन्हा वापरा. घरी आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत ठेवून झोपू नका, पंख्याखाली उघडा ठेवा. लेन्स हवाबंद डब्यात ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. त्याच्या बरीच वर राहिली की बुरशी धरते, आणि एकदा धरलेली बुरशी साफ करून घ्यायला लेन्सच्या किमतीचा चांगलाच वाटा जातो.

पायात घोट्यापर्यंतचे बूट हवेत. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं (विषारी साप) असतं, दगडाच्या रंगाचं, पाऊल पडेपर्यंत दिसत नाही. बसण्याआधी दगड काठीने ठोकून बघा.

ड्रोन?

रेल्वेमार्गावर नको. डिजिटल स्कायच्या (ड्रोनसाठीच्या सरकारी) नकाशावर जागा हिरवी, म्हणजे मोकळी, दिसली तरी खाली चालता मार्ग आणि २५ हजार व्होल्टची तार असते. ड्रोन त्यात पडला तर गाड्या थांबतात.

मोबाइलवर काही चांगलं निघतं का?

उन्हात, तिरक्या कोनातून, मुख्य लेन्सवर: हो. झूम करू नका, जवळची सुरक्षित जागा शोधा. फोकस आणि उजेड बोट दाबून पक्का करा. नाइट मोड धावत्या गाडीला चालत नाही. अनेक फोटो एकत्र जोडताना एकाच इंजिनाची दोन होतात.

फोटोखाली काय लिहावं?

इंजिनाचा प्रकार आणि क्रमांक, शेड, म्हणजे इंजिनाची देखभाल जिथे होते ते ठिकाण (इंजिनाच्या बाजूला रंगवलेलं असतं), कुठला माल, अप की डाउन, दोन स्टेशनांची नावं, तारीख. 'कामथे-सावर्डे दरम्यान' एवढं पुरे. शेताचा नेमका ठिकाणा टाकलात तर पुढच्या रविवारी मालकाच्या बांधावर वीस जण उभे असतील.

वाघिणीचा अकरा आकडी क्रमांकही नोंदवा. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकड्यांचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा पडताळणीचा. पाचवा-सहावा आकडा ०९ असेल तर वाघीण २००९ ची. हा क्रमांक वाचता येईल इतका स्पष्ट आला, तर तुमचा शटर स्पीड बरोबर होता असं समजा. शेवटच्या डब्यामागची पाटी किंवा दिवा असलेला एक फोटोही ठेवा. गाडी किती वाघिणींची होती हे घरी बसून मोजताना त्याच्याशिवाय खात्री होत नाही.